कॅमेऱ्याला थोडी अक्कल द्या!

घरात कॅमेरा लावणं हे आता एका रविवारचं काम झालंय. पण तो नुसता बघत बसणार, की घराच्या उपयोगी पडणार? आणि तो जे बघतो, ते आणखी कोण कोण बघतं? दिवे, दार आणि सेन्सर यांच्याशी कॅमेऱ्याची गट्टी जमवायचा हा फंडा...

पहिले चार दिवस मस्त जातात. ऑफिसात डबा खाता खाता घराची गॅलरी बघायची, मावशी आल्या का ते बघायचं, शेजारच्या डेस्कवाल्याला फोन दाखवून जरा भाव खायचा. पाचव्या दिवसापासून मात्र अ‍ॅप छळायला लागतं. 'हालचाल आढळली!' उघडून बघावं तर कबूतर. परत 'हालचाल आढळली!' तर दोरीवरचा टॉवेल. महिनाभरात तुम्ही वैतागून नोटिफिकेशन बंद करता. आणि कॅमेरा? तो बिचारा भिंतीवर डोळे उघडे ठेवून बसलेला. बघतोय सगळं, पण ऐकणारं कुणी नाही!

दोष त्याचा नाही. साधा कॅमेरा चित्रातले ठिपके बदलले की हालचाल झाली असं समजतो. ऊन सरकलं, पडदा हलला, रात्री लेन्सवर कोळी आला, तरी त्याच्या हिशेबी ती हालचालच. माणूस कोण, मांजर कोण, घरात आत्ता कुणी आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असणारी बाकीची मंडळी घरातच असतात. दाराच्या सेन्सरला दार उघडल्याचं कळतं, तुमच्या फोनवरून तुम्ही घरी आहात का ते कळतं, घड्याळाला रात्र झाल्याचं कळतं. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणं म्हणजे होम ऑटोमेशन. आणि कॅमेऱ्याला त्यात आणायचं, ते जास्त बघण्यासाठी नाही, कमी बघण्यासाठी. हे आधी डोक्यात फिट्ट बसवा, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या!

सुरुवात झाली कॉफीपासून

नेटवर्कवरून कॅमेरा बघायची आयडिया काही आजची नाही. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मंडळींनी ट्रोजन रूममधल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता. कॉफी आणायला जावं आणि भांडं रिकामं निघावं, ही कटकट टाळायला! १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. दरम्यान १९९६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने पहिला नेटवर्क कॅमेरा बाजारात आणला होता.

पुढे कंपन्या वाढल्या आणि प्रत्येकीचा कॅमेरा आपल्याच भाषेत बोलायला लागला. म्हणून २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून 'ऑनव्हिफ' ही सामाईक पद्धत सुरू केली. आज कॅमेरा घेताना खोक्यावर 'ऑनव्हिफ' आणि 'आरटीएसपी' हे दोन शब्द शोधा. ते असतील, तर कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमलाही चित्र देऊ शकतो. नसतील, तर तो बहुधा फक्त स्वतःच्या अ‍ॅपशीच बोलणार. बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत हे शब्द सहसा सापडत नाहीत, बरं का. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'मॅटर १.५' या स्मार्ट होमच्या मानकातही कॅमेऱ्यांना जागा मिळाली आहे. तरी आज खरेदीला निघाला असाल, तर आधीचे दोन शब्द विसरू नका.

जोडणी होते कशी?

वाटतं तितकं अवघड नाही. घरात एक छोटा कॉम्प्युटर लागतो. त्यावर 'होम असिस्टंट' हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवायचं. २०१३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प घरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एका छत्राखाली आणतो. नुसते दिवे आणि पंखे सांभाळायचे असतील, तर रास्पबेरी पाय पुरतो. कॅमेरे आले की मिनी पीसी बरा. आणि रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर करू नका. सतत लिहून लिहून कार्ड लवकर मान टाकतं.

सोबतीला 'फ्रिगेट' नावाचं दुसरं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कॅमेऱ्याच्या चित्रात माणूस आहे की मांजर, हे ओळखायचं काम त्याचं. बहुतेक नेटवर्क कॅमेरे दोन प्रवाह देतात, एक मोठा आणि स्वच्छ, दुसरा छोटा आणि हलका. फ्रिगेटला ओळखण्यासाठी छोटा द्यायचा, रेकॉर्डिंगसाठी मोठा. त्यामुळे कॉम्प्युटरवर ताण येत नाही. माणूस दिसला की फ्रिगेट होम असिस्टंटला निरोप धाडतं. पुढे काय करायचं, ते तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असतं.

थोडा हिशेबही करा. सेकंदाला ४ मेगाबिटचं चित्र दिवसभर साठवलं, तर एका कॅमेऱ्याचे सुमारे ४३ जीबी होतात. चार कॅमेरे आणि सात दिवस म्हणजे १.२ टीबी! म्हणून माणूस दिसल्यावरचा भाग तेवढा ठेवायचा. डिस्कही वाचते आणि नंतर शोधायलाही सोपं जातं.

तार ओढणं शक्य असेल, तर वायफायपेक्षा पीओई कॅमेरा उत्तम. एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, अंतर १०० मीटरपर्यंत चालतं. आणि लाइट गेली की एका यूपीएसवर स्विच, राउटर, मिनी पीसी आणि सगळे कॅमेरे तग धरतात. कॅमेरा इन्व्हर्टरवर आणि राउटर मात्र नाही, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो!

तीन नियम, तीन कामं

आता खरी गंमत. समजा, रात्री अकरानंतर तुमच्या दारासमोर कुणी अर्धा मिनिट घुटमळलं. तर पॅसेजचा दिवा लागावा आणि एक फोटो तुमच्या फोनवर यावा. दार ओलांडून लिफ्टकडे जाणारे शेजारी यात येत नाहीत, कारण तुम्ही चित्रात फक्त आपल्या पायपुसण्यापुरता चौकोन आखलेला असतो. दिवसाला साठ सूचना येत असतील, तर त्यांची जागा आठवड्याला एखादी घेते. आणि ती आली की तुम्ही खरंच फोन बघता.

दुसरं काम गावाकडचं. आई-बाबा साताऱ्याला किंवा कणकवलीला, तुम्ही हिंजवडीत. काळजी वाटते, म्हणून त्यांच्या हॉलमध्ये कॅमेरा लावायचा मोह होतो. पण जरा थांबा. सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल झाली नाही तर निरोप यावा, एवढंच हवं असेल, तर साधा मोशन सेन्सर पुरतो. तो कुणाचं चित्र घेत नाही. कॅमेरा दाराबाहेर राहू दे. आई-बाबांची खबर हवी, त्यांच्यावर पहारा नको.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेऱ्याचा डोळा मिटणं. आतला कॅमेरा स्मार्ट प्लगवर लावा. घरी कुणी आलं की प्लग बंद. वीजच नाही म्हटल्यावर 'चालू आहे की नाही' ही शंकाच उरत नाही.

इथे एक मोठी गोम आहे. सिस्टीम 'कुणीतरी घरी आहे' हे ओळखते तुमच्या फोनवरून. मग ज्यांचा फोन सिस्टीमला ठाऊक नाही, त्यांचं काय? कामाला येणाऱ्या मावशी, सुट्टीला आलेली आजी, रूममेटची बहीण... ही माणसं सिस्टीमच्या लेखी घरात नसतातच! तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की घर 'रिकामं' होतं, आतला कॅमेरा सुरू होतो, आणि आजी हॉलमध्ये पदर सावरत बसते. म्हणून दाराजवळ एक साधं बटण लावा. ते दाबलं की आतला कॅमेरा बंद, मालक घरी असोत वा नसोत. आणि बटण कशासाठी आहे, हे आजीला आणि मावशींना दाबून दाखवा. कॅमेऱ्यात काय दिसतं, तेही एकदा आपल्या फोनवर दाखवा. कुठे कॅमेरा आहे हे न सांगता कुणाला दिवसभर कॅमेऱ्यासमोर वावरायला लावणं, ही सुरक्षा नव्हे, चोरूनच बघणं ते. बेडरूम आणि बाथरूमचा तर प्रश्नच नको. स्त्रीचे खासगी क्षण चोरून बघणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची शिक्षा होऊ शकते.

राखणदारावर राखण

कॅमेरा म्हणजे शेवटी लेन्स लावलेला कॉम्प्युटर. त्यालाही कुणी हायजॅक करू शकतं. २०१६ मधलं मिराई प्रकरण हेच सांगतं. कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते, म्हणून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर या व्हायरसच्या हाती सापडले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत तासन् तास अडखळल्या. कुणाच्या तरी गॅरेजवरचा कॅमेरा त्यात सामील होता, आणि मालकाला पत्ताही नव्हता!

चित्र कंपनीच्या सर्व्हरवर जात असेल, तर धोका वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना तांत्रिक गोंधळामुळे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंगवर आरोप केला, की कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते. ५८ लाख डॉलर भरायचं मान्य करून ते प्रकरण मिटलं. म्हणूनच सगळं घरातल्या घरात ठेवणारी जोडणी शहाणपणाची. चित्र घराबाहेर गेलंच नाही, तर फुटणार कुठून?

भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेल्या सुरक्षा निकषांवर तपासणी सक्तीची झाली आहे. तेव्हा स्वस्तात मिळतोय म्हणून बिननावाचा कॅमेरा उचलू नका. दुकानदाराला तपासणीबद्दल बिनधास्त विचारा.

एवढं कराच!

१. कॅमेरा लावल्याबरोबर पासवर्ड बदला. वाढदिवस आणि गाडीचा नंबर नको.

२. राउटरमधून कॅमेऱ्याचं इंटरनेट बंद करा. घरातलं नेटवर्क तेवढं चालू राहू द्या. मात्र यामुळे कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे होऊ शकतं. वेळ राउटरकडून किंवा मिनी पीसीकडून घ्यायला सांगा, नाहीतर पोलिसांना दाखवायच्या फुटेजवर भलतीच वेळ असायची.

३. बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करू नका. त्यापेक्षा वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरा.

४. वर्षातून दोन-तीनदा कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट करा.

५. चेहरा ओळखून कुलूप आपोआप उघडायचा मोह टाळा. साध्या कॅमेऱ्याला फोटो दाखवूनही फसवता येतं. दिवा चुकून लागला तर चालतं, दार चुकून उघडलं तर?

६. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्यांच्या दाराकडे नको. पॅसेजमध्ये लावण्याआधी सोसायटीला आणि समोरच्या काकूंना विचारा. चहाच्या एका कपात मिटणारी गोष्ट सोसायटीच्या सभेपर्यंत कशाला न्यायची?

७. आतला कॅमेरा कधी चालू आणि कधी बंद, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. बंद करायचा हक्कही प्रत्येकाला हवा.

एका रविवारी कॅमेरा लागतो. नियम लिहायला आणखी दोन-तीन रविवार लागतात, आणि पहिल्या महिन्यात ते बदलावेही लागतात. तेवढा वेळ द्या. पाहुणे आले की गॅजेट दाखवून भाव जरूर खा, पण आधी त्यांना ते बटण दाखवा!