पिवळा टिप्या

टिप्या मूळचा पांढरा. पण फेब्रुवारी ते एप्रिल त्याचा रंग कुणी विचारू नये. उकडलेल्या हळदीच्या कडेला उबेला झोपायचं, पॉलिशच्या ड्रमखाली उडणारी धूळ अंगावर घ्यायची आणि जेजुरीहून परतल्यासारखं गावभर हिंडायचं, हा त्याचा हंगाम. पावसाळा लागला की धुऊन निघतो आणि नवीन माणूस विचारतो, हे दुसरं कुत्रं कधी आणलं?

मामांचं शेत वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या बाजूला. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी आणि खोल काळी जमीन, त्यामुळे या पट्ट्यात हळद रुजली ती रुजलीच. शिवाय रानडुकरं आणि रोही हळदीला तोंड लावत नाहीत. हरभऱ्याची आणि ज्वारीची राखण करून थकलेल्या माणसाला एवढं कारण पुरतं. टिप्याला मात्र त्यामुळे काम उरलेलं नाही. राखणीला ठेवलेला कुत्रा आता नुसता सोबतीला आहे.

मी दरवर्षी मार्चमध्ये दोन दिवस ‘मदतीला’ जातो. या मदतीबद्दल मामांचं मत असं, की भाचा आला की दोन माणसं कमी पडतात. एक तो आणि एक त्याला चहा देणारं.

2024 साली गेलो तो दिवस 20 मार्च, बुधवार. आमलकी एकादशी. मामा माळकरी, त्यामुळे भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर रात्रभर उभं राहणार होते. हळद शिजवण्याचं यंत्र आमच्या वाट्याला त्याच रात्री आलं होतं. हंगामात ही यंत्रं एका शेतातून दुसऱ्या शेतात दिवसरात्र फिरतात. पाळी चुकली की काढलेली हळद ढिगात तापत पडते. म्हणून पाळी आली की तिथी बघायची नाही.

मी लहान असताना हे काम काहिलीत चालायचं. भली मोठी लोखंडी काहील, तिच्यात पाणी, वर हळदीचा पाला झाकलेला, आणि तीन-तीन तास जाळ. आता चाकांवरची पाण्याची टाकी येते. टाकीखाली भट्टी, तिच्यात बाभळीची लाकडं नि पऱ्हाट्या. टाकीतून निघालेल्या नळ्यांनी वाफ चार ड्रममध्ये शिरते. एका ड्रममध्ये अडीच-तीन क्विंटल ओली हळद बसते. पहिल्या खेपेला पाणी तापेपर्यंत वेळ जातो, पुढच्या खेपा अर्ध्या-पाऊण तासात उतरतात. ड्रम आडव्या दांड्यावर टांगलेला असतो. झाकण उघडून कलता केला की हळद एकदम खाली ओतली जाते आणि वाफेच्या लोटात ड्रमही दिसत नाही, माणसंही नाहीत. दिसतो फक्त पिवळा ढग. त्यातून खोकल्याचा आवाज येतो.

हळद शिजवायची कशाला, हा प्रश्न मी दहावीत असताना मामांना विचारला होता. ते म्हणाले, “कच्ची वाळवली तर ती हळद नाही, लाकूड.” शिजल्यानं हळकुंडातला स्टार्च बदलतो, कच्चा उग्र वास जातो, रंग आतपर्यंत सारखा पसरतो, कोंब फुटायची ताकद मरते आणि वाळताना सगळं हळकुंड सारखं वाळतं. कमी शिजली तर पॉलिशच्या ड्रममध्ये तुकडे पडतात, जास्त शिजली तर काळपट होते. या दोन्हींच्या मधली जागा फार लहान असते आणि यंत्राला ती कळत नाही. वाफेचा दाब दाखवायला काटा आहे. पण ड्रम उतरवायचा की नाही हे मामा काट्याला विचारत नाहीत. आधी वास घेतात. कच्च्या हळदीचा वास नाकाला झोंबतो, शिजलेलीचा घशात उतरतो. मग एक हळकुंड काढून त्यात बारीक काडी खुपसतात. काडी अलगद आरपार गेली, की “उतरवा.”

त्या रात्री मी तीनदा काडी खुपसली. तिन्ही वेळा म्हणालो, झालं. तिन्ही वेळा मामा म्हणाले, “अजून पाच मिनिटं.” मला वाटतं, दुसऱ्या वेळी माझंच बरोबर होतं.

ओतलेली हळद पसरायला ताडपत्री कमी पडली तेव्हा मामेभावानं घरामागून फ्लेक्स आणले. चार-पाच होते. दिवाळीच्या शुभेच्छा, नवरात्राच्या शुभेच्छा, कुणाचातरी वाढदिवस. आचारसंहिता 16 तारखेला लागली आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरची सगळी हसरी तोंडं उतरली. भूमिपूजनाच्या कोनशिलांवर कागद चिकटले. उतरलेले फ्लेक्स गावात कुठे जातात हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. गोठ्याच्या फटीला, कडब्याच्या गंजीवर, पिठाच्या गिरणीच्या छपराला. कापड चांगलं असतं, पाणी आत येऊ देत नाही. मामांच्या शेतात त्या रात्री एका पुढाऱ्याच्या छातीवर तीन क्विंटल हळद निवत होती आणि त्याच्या जोडलेल्या हातांवर टिप्या झोपला होता. या फ्लेक्सइतका लोकोपयोग मी राजकारणात फारसा पाहिलेला नाही. हे मी तिथे बोलून दाखवलं तेव्हा मामी म्हणाली, “वाढदिवस वरचेवर येऊ द्या की. वाळवणाला लागतेत.”

बोलणं तिकिटावर आलंच. कोणत्याच मोठ्या पक्षानं तोवर हिंगोलीचा उमेदवार सांगितला नव्हता. हळद शिजवणाऱ्या टोळीतल्या माणसांकडे मात्र चार नावं नक्की होती, प्रत्येकाची वेगळी. हिंगोली मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. हिंगोली, नांदेडचा किनवट-हदगाव आणि यवतमाळचा उमरखेड. त्यामुळे अर्ध्या मतदारांना उरलेल्या अर्ध्यांचं पाणी, पीक, पाहुणे ठाऊक नसतात. आणि एक गंमत आहे. 1991पासून इथे कोणताही खासदार लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही. सूर्यकांता पाटील आणि शिवाजी माने यांनी तर आळीपाळीनं जागा राखली. 2014च्या मोदी लाटेत काँग्रेसचे राजीव सातव फक्त 1632 मतांनी निवडून आले. मामांनी यावर निवाडा दिला तो हळदीच्या भाषेत: “इथं माणूस एकदाच शिजवतात.”

दर दहा मिनिटांनी कुणाचातरी फोन उजळायचा. भट्टीपुढे बसलेल्या पोराच्या फोनवर वायद्याचा भाव. आपल्या शेतातली हळद अजून पाण्याच्या वाफेत आहे, आणि कुठल्याशा पडद्यावर तिचा पुढच्या महिन्याचा सौदा होऊन बसलाय. आधीच्या वर्षी, म्हणजे 2023च्या मे महिन्यात, हळद सात हजारांच्या आतबाहेर होती. गरजवंतांनी विकली. ऑगस्टपर्यंत ती पंधरा हजारांच्या पुढे गेली. मामांनी अर्धी विकली होती, अर्धी ठेवली होती. विकलेली अर्धी त्यांना अजून स्वप्नात दिसते, ठेवलेल्या अर्धीचं नाव ते काढत नाहीत. तेव्हापासून घरात भाव बघणारे तीन फोन आहेत. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून एक क्विंटल होते, तेवढ्या काळात पडद्यावरचा आकडा किती वेळा हलतो याचा हिशोब नाही. आणि शेवटी हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतला बीट होतं तेव्हा व्यापारी फोन बघत नाही. ढिगातलं हळकुंड उचलतो आणि कानाजवळ मोडतो. नीट वाळलेल्या हळकुंडाचा आवाज खणखणीत, धातूसारखा येतो. ओल राहिली असेल तर ते मोडत नाही, वाकतं. कानाला कळतं ते फोनला कळत नाही, असं मी म्हणणार होतो. पण तोच व्यापारी भाव बोलायच्या आधी सकाळी सांगलीचा आणि निजामाबादचा आकडा बघून आलेला असतो.

रात्री दीडच्या सुमाराला टोळी जेवायला बसली. टिप्या उठला, अंग झाडलं, पिवळी धूळ सगळ्यांच्या ताटात. शिव्या खाल्ल्या, भाकरीही खाल्ली. मामांनी आपल्या भगरीतल्या दोन मुठी त्याला घातल्या. नर्सी नामदेव याच जिल्ह्यात. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नको म्हणत, ही गोष्ट इथल्या पोराला शाळेच्या आधी कळते. तिचा एक व्यावहारिक परिणाम असा की, माळकऱ्याच्या घरचं कुत्रं कधी उपाशी राहत नाही आणि कधी कामाचंही राहत नाही.

मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो मला औंढ्याजवळच्या दुधाळ्याचं सांगत होता. तिथे लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसरचा किरण. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची लहर पृथ्वीवरून जाताना प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढी हालचाल होते, ती मोजायची. केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. “एवढं बारीक ऐकायचं म्हणजे जागा शांत लागते,” तो म्हणाला. “ट्रक गेला तरी कळतं. म्हणून हिंगोली निवडली. इथं काहीच होत नाही.” शेवटचं वाक्य त्यानं जरा वैतागूनच म्हटलं.

चारच्या सुमाराला चंद्र मावळला. साडेपाचला आम्ही शेवटच्या आधीचा ड्रम उतरवला, शेवटचा भरला, पऱ्हाट्या सारल्या. उजाडू लागलं होतं. मामा टाकीजवळ उभे, मी उलट्या घमेल्यावर बसलेलो, टिप्या पुढाऱ्याच्या हातांवर गाढ.

सहा वाजून आठ मिनिटं झाली होती, हे नंतर कळलं. आधी आवाज आला. मोठा ट्रॅक्टर जमिनीखालून जावा तसा. मग घमेलं माझ्याखाली थरथरलं, टाकीतलं पाणी डचमळलं, भरलेला ड्रम दांड्यावर कुरकुरला. काही क्षणच. गावाकडून पत्र्यांचा खडखडाट आणि माणसांचा गलका एकदम उठला. पांगरा शिंद्याच्या भागात वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, लोकांना त्याची सवय आहे. पण हे आवाजावर थांबलं नव्हतं. टोळीतली एक म्हातारी खाली बसली आणि एकच शब्द बोलली, “किल्लारी.” तीस वर्षं झाली होती. गणपती बोळवून लोक झोपले होते, ती 30 सप्टेंबर 1993ची पहाट. मराठवाड्यात जमीन हलली की पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस त्या पहाटेत जातो.

आणि टिप्या? जनावरांना आधी कळतं म्हणतात. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या फोनवर असे सात संदेश आले. गावोगावची कुत्री म्हणे रात्रभर रडत होती. आमचा साक्षीदार सांगतो ते असं: हादरा बसला, हळदीचा ढीग घसरून त्याच्या शेपटीवर आला, तेव्हा तो उठला. उठून भुंकला तो ढिगावर.

सगळे गावाकडे पळाले. घरी मामी आणि आजी. मीही पळालो. वाटेत मागे पाहिलं तर मामा जागेवरच. मी ओरडलो. ते म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं. ड्रम उकळायलाय.” पण चार पावलांवर त्यांचाही धीर सुटला आणि तेही धावत आले. घर ठीक होतं. मामी अंगणात आजीला धरून उभी होती. पत्र्यावरचे दोन दगड खाली पडले होते, आजीच्या बाजेपासून हातभर अंतरावर. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. पुढे नांदेडच्या प्रशासनानंही लोकांना सांगितलं की पत्र्यांवरचे दगड काढून घ्या. आम्ही काढतच होतो तेवढ्यात सहा एकोणीसला दुसरा धक्का बसला, आधीच्यापेक्षा हलका. मी शिडीवर होतो. माझ्या आयुष्यातला भूगोलाचा तो सगळ्यात नीट समजलेला धडा.

फोनवर आकडे आले ते नंतर. पहिला 4.5, दुसरा 3.6, केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. मामेभाऊ आकड्यांकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात दुधाळा असणार. त्याच वर्षी जुलैत, 10 तारखेला सकाळी, पुन्हा 4.5चा धक्का बसला तेव्हा त्यानं मला फक्त एक अक्षर पाठवलं: “हं.”

परत शेतात आलो तेव्हा सूर्य वर आला होता. भट्टीतला जाळ विझला नव्हता, वाफ चालूच होती. मामांनी झाकण उघडलं, वास घेतला. काडी खुपसायची गरज नव्हती. हळकुंड दोन बोटांत दाबलं तर त्याचा लगदा झाला. कडा विटकरी झाल्या होत्या. मामांनी तो ड्रम वेगळ्या फ्लेक्सवर ओतायला सांगितला आणि मग हातपाय धुऊन द्वादशीचं सोडायला बसले.

वाळायला पंधरा दिवस लागले, मग पॉलिश. तोवर तिकिटं वाटली गेली, एका पक्षानं तर जाहीर केलेला उमेदवार बदललाही. 26 एप्रिलला मतदान झालं. मामांनी फोटो पाठवला, डाव्या तर्जनीवर शाई. शाईच्या आजूबाजूचं सगळं बोट पिवळं. निकाल 4 जूनला लागला, जागा पुन्हा नव्या माणसाकडे गेली. मामांची हळद बऱ्या भावानं गेली.

त्या वेगळ्या फ्लेक्सवरची मात्र त्यांनी बाजारात नेली नाही. चांगल्यात मिसळली असती तर कुणाला कळलं नसतं, असं मामेभावाचं म्हणणं होतं. मामांनी ती दळून पाहुण्यारावळ्यांना वाटली. माझ्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात तिचा एक डबा आहे. रंग जरा तपकिरीकडे झुकलेला, वास खरपूस. भाजीत टाकताना बायको विचारते, साधी घालू की भूकंपाची?