हजार मीटर खोलीवरचे पाणी वर येते कसे?

शहाडच्या पुलावरून उल्हास नदीत बादली सोडली, तर तिच्यात येते ते वरचेच पाणी, कारण बुडताबुडताच ती भरून जाते. हीच नदी पुढे खाडीवाटे ज्या अरबी समुद्राला मिळते, त्याच्या खोल थरांतील पाणी मिळवण्यासाठी ही पद्धत अर्थातच कुचकामी ठरते.

गोव्यातील दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधू साधना’सारख्या संशोधन जहाजांवरून दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळकांड्यांची चौकट तारेच्या दोरावर खाली सोडतात. नळकांडी उघडी असल्याने पाणी त्यांतून आरपार वाहते व दाबाने ती चेपत नाहीत. सोबतचे यंत्र तापमान, खारटपणा आणि खोली कळवत राहते, आणि चौकट वर येताना ठरलेल्या खोलीवर इशारा मिळताच झाकणे मिटतात.

खरी धांदल उडते ती डेकवर. हवेतील ऑक्सिजन मिसळू नये म्हणून पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चाचणीचा नमुना सर्वांत आधी, रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी धरून, एकही बुडबुडा न येऊ देता घेतात व लगेच त्यात मँगनीजचे क्षार आणि आयोडाइडयुक्त अल्कली घालतात. पाण्यात ऑक्सिजन असल्यास तपकिरी साका धरतो, नसल्यास तो पांढराच राहतो. हे काम रात्रीही पाळ्यांनी चालते.

अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन अत्यल्प आढळतो, कारण वरून बुडणारे मृत प्लवक कुजवताना जिवाणू तो वापरून टाकतात आणि ताज्या पाण्याचा पुरवठा तेथे तोकडा पडतो.