ट्रकमधील स्वयंचलित गिअरपेटीच्या जागी हाताची गिअरपेटी : एक यांत्रिक विचार

ट्रकमधील स्वयंचलित गिअरपेटी काढून तिच्या जागी हाताने चालवावयाची पेटी बसविणे, हे काम वरवर पाहता सुटे भाग बदलण्याचे वाटते. वस्तुतः ते तसे नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. स्वयंचलित पेटी जी कामे आपण होऊन करीत असते, ती तिच्याबरोबर नाहीशी होत नाहीत. त्यांपैकी प्रत्येकासाठी नवा कर्ता नेमावा लागतो. एखादे काम कर्त्यावाचून राहिले, तर भरलेली गाडी चढावर अडते किंवा उतारावर हाताबाहेर जाते.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याच्या कामरगावासारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. या भागातील कापूस, तूर व सोयाबीन ट्रकनेच बाजाराला जाते. १९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास आरंभ केला. तेव्हापासून आपल्या मालवाहतुकीत हाताच्या गिअरचेच प्राबल्य राहिले. खऱ्या अर्थाने स्वयंचलित पेटी विदर्भात पाहावयाची, तर वणी-चंद्रपूर भागातील उघड्या कोळसाखाणींतील अवजड डंपरांकडे वळावे लागते. अलीकडे ‘ए.एम.टी.’ या नावाने आलेली पेटी मूलतः हाताचीच असते. तिचा क्लच व गिअर यांत्रिक हस्तकांनी हलविले जातात, एवढेच. तिचा विचार येथे केलेला नाही.

स्वयंचलित पेटीचा बिघाड शोधावयाचा तर तेलाचा दाब निरनिराळ्या ठिकाणी मोजावा लागतो आणि झडपांचे सूक्ष्म मार्ग तपासावे लागतात. हाताची पेटी उघडली, की तुटलेला दात व झिजलेले बेअरिंग डोळ्यांना दिसते. तालुक्याच्या गावचा कसबी मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो. हंगामात उभ्या राहिलेल्या गाडीचा हप्ता थांबत नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यास पेटीच बदलण्याचा मोह व्हावा, हे स्वाभाविक होय. पेट्रोलच्या जुन्या ट्रकांत पर्किन्स पी-६ हे डिझेल इंजिन बसविण्याचा १९५० नंतरच्या दशकातील प्रघात याच वृत्तीचा होता.

मात्र हाताची पेटी म्हणजे मागासलेली व स्वयंचलित म्हणजे पुढारलेली, किंवा याच्या उलट, असे समीकरण मांडता येत नाही. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने अडीच टनी वर्गाचे दोन ट्रक घेतले : जी.एम.सी.चा एम-१३५ हा हायड्रामॅटिक या स्वयंचलित पेटीचा, तर रिओचा एम-३५ हा हाताच्या गिअरचा. त्यांपैकी एम-३५ दीर्घकाळ टिकला; परंतु १९९० नंतरच्या दशकात त्याचेच नूतनीकरण करताना एम-३५ए३ या प्रकारात स्वयंचलित पेटी घालण्यात आली. निवड परिस्थितीवर ठरते, ती अशी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्वयंचलित पेटीच्या आरंभी टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मन अभियंता हेर्मान फटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी ज्या द्रवचालित संक्रमणाचे पेटंट घेतले, त्याचाच हा वंशज. गाडी जागेवरून हलताना तो इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, सुमारे दुप्पट करतो. त्यामुळे अशा पेटीच्या पहिल्या गिअरचे प्रमाण लहान असले तरी भागते. उदाहरणार्थ, माल धरून १६,२०० किलोग्रॅम वजनाचा ट्रक दहास एक अशा चढावर आहे असे समजू. चढासाठी १,६२० व चाकांच्या घर्षणासाठी, वजनाच्या एक टक्का धरून, १६२, मिळून १,७८२ किलोग्रॅम ओढ लागेल. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरल्यास मागील आसावर ८९१ किलोग्रॅम-मीटर टॉर्क हवा. इंजिनाचा टॉर्क ४०, डिफरन्शियलचे प्रमाण ६ आणि कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर गिअरच्या प्रमाणातील प्रत्येक एककामागे २१६ मिळतात. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ असल्यास एकूण ७५६ भरतात; गाडी चढणार नाही. कन्व्हर्टरने तेच दुप्पट होऊन १,५१२ होतात व गाडी सुटते. यावरून असे दिसून येईल, की जुन्या पेटीचेच प्रमाण पाहून हाताची पेटी निवडणे ही चूक ठरेल. तिचा पहिला गिअर सुमारे ७ प्रमाणाचा हवा. अन्यथा उणीव क्लचने घसरून भरून काढावी लागेल आणि तो अल्पावधीत जळेल.

दुसरा प्रश्न जोडणीचा. कन्व्हर्टर इंजिनाला पातळ लवचीक तबकडीने जोडलेला असतो. क्लचसाठी तेथे जाड, सपाट पृष्ठभागाचे फ्लायव्हील लागते, त्याचे बोल्टही निराळे असतात. पेटीच्या आत जाणाऱ्या शाफ्टचे टोक सावरण्यास क्रँकशाफ्टच्या मागील टोकात पायलट बेअरिंग बसवावे लागते. बेल हाउसिंग इंजिनाशी समकेंद्री आहे की नाही, हे डायल गेजने तपासणे अनिवार्य आहे; हे न केल्यास बेअरिंग व क्लच वारंवार निकामी होतात आणि दोष मात्र नव्या पेटीला दिला जातो. पेटीची लांबी बदलली, की चॅसीवरील तिचा आधार व प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. शाफ्टचे संतुलन व क्रॉसांचे कोन पुन्हा जुळवावे लागतात. तेल थंड करणाऱ्या नळ्या बंद कराव्या लागतात. टिपरचा पंप पेटीवरून चालत असेल, तर त्याचीही सोय पाहावी लागते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा असून तोच सर्वांत उपेक्षित राहतो. स्वयंचलित गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून एक स्विच असतो. पेटीबरोबर तो गेला आणि त्याच्या तारा नुसत्या जोडून टाकल्या, तर गिअरमध्ये उभी असलेली गाडी किल्ली फिरविताच पुढे झेपावू शकते. म्हणून तो स्विच क्लचच्या पेडलवर आणला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांत पेटीकडून येणारे संदेश थांबताच इंजिन आपली शक्ती मर्यादित करू शकते. तेथे नियंत्रकाची पुनर्रचना आवश्यक ठरते. काही अवजड पेट्यांत उतारावर वेग रोखणारा द्रवचालित रिटार्डर अंतर्भूत असतो. पेटी काढणे म्हणजे तोही काढणे होय. कसारा घाटासारख्या उतारावर मग सारा भार इंजिनाच्या रोधावर व चाकांच्या ब्रेकवर पडतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर निवडण्याचे काम आता चालकाचे होते. उतारावर गिअर सुटून गाडी न्यूट्रलमध्ये गेली, तर इंजिनाचा रोध शून्य होतो.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारणा करणे इष्ट.

सारांश, पेटीच्या किमतीबरोबर फ्लायव्हील, क्लच, शाफ्ट, स्विच व रिटार्डर यांचा हिशेब मांडून, आणि चालकाच्या शिक्षणाचा खर्च त्यात धरूनच निर्णय घ्यावा. हा सर्व हिशेब मूळ पेटीच्या दुरुस्तीहून अधिक होत असेल, तर ती दुरुस्त करून घेणेच श्रेयस्कर. तो कमी होत असेल, तर बदल करण्यास हरकत नाही. मात्र पहिली भरलेली खेप नेण्यापूर्वी गाडी रिकाम्या स्थितीत चढाव व उतार या दोहोंवर चालवून पाहिली पाहिजे.