कामगार संघटनांची कसोटी कोणती?

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर आयुध निर्माणीमुळे ओळखले जाते. निर्माण्यांचे महामंडळीकरण होऊ नये, याविषयी देशातील तिन्ही प्रमुख संरक्षण कामगार महासंघांचे एकमत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी महिनाभराचा संप पुकारला. शासनाने चर्चेचे आश्वासन देताच तो काही दिवसांत स्थगित झाला. २०२१ साली पुन्हा संपाची हाक दिली गेली, तेव्हा आधी वटहुकूम व मग कायदा करून संपास प्रतिबंध करण्यात आला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या.

मग महासंघांनी साधले काय? संप मागे घेऊन संधी दवडली, असे काही म्हणतात. कंपन्या झाल्यावरही कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर केंद्राचे सेवक राहिले, हे संघटनांचेच यश, असे इतरांचे म्हणणे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात कामगारांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली संप हा न्याय्य, परंतु अखेरचा उपाय असल्याचे सांगितले. संघटना राजकीय पक्षांच्या अधीन नसाव्यात, असेही बजावले.

२४ जानेवारी २०२५ रोजी याच निर्माणीतील स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. कामगाराच्या जीविताचे रक्षण हीच संघटनेची पहिली कसोटी, असे आम्हांस वाटते. या एका मागणीसाठी तरी सर्वांनी एकत्र यावे. कामगारांचे आश्रयदाते संत योसेफ यांच्याकडे आपण त्यासाठी प्रार्थना करू या.