त्रास नाही, मग तपासायचं कशाला?

महाविद्यालयात लैंगिक आरोग्यावर बोलून झालं की मी निनावी चिठ्ठ्या मागवते. त्यांत एक ठरलेली असते: ‘तो चांगल्या घरातला आहे, त्याला काही त्रासही नाही. मग तपासायचं कशाला?’ हे वाचून आता राग येतो. मुलांचा नाही, त्यांना बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकवताना नेमका हाच धडा घाईनं उरकणाऱ्यांचा.

लैंगिक संबंधांतून होणारे बरेच संसर्ग लक्षणं दाखवतच नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक मुलींना काहीच जाणवत नाही. उपचार राहिले तर जंतू गर्भनलिकांपर्यंत चढतो, नलिका बंद होऊ शकतात, आणि पुढे मूल होत नाही म्हणून बोलणी तिलाच बसतात. सिफिलिस त्याहून फसवा. सुरुवातीचा व्रण सहसा दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. माणूस निश्चिंत होतो. जंतू मात्र शरीरभर पसरत असतो. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिननं बरा होणारा हा आजार दुर्लक्ष केल्यास काही वर्षांनी मेंदू आणि हृदय गाठू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या दोन्हींसह गोनोरिया आणि ट्रायकोमोनियासिस मिळून २०२० मध्ये १५ ते ४९ वयोगटात ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी झाल्या. त्या काय घर बघून झाल्या?

बाकीच्या चिठ्ठ्या. संडासच्या सीटवरून हे आजार होत नाहीत. गर्भनिरोधक गोळी गर्भ रोखते, जंतू नाही. एकावर एक दोन कंडोम घालू नका, फाटतात. एकच, पण दरवेळी आणि सुरुवातीपासून. एचपीव्हीची लस लग्नापर्यंत लांबवू नका, संबंध सुरू होण्याआधी ती सर्वांत उपयोगी. मुलग्यांनाही घेता येते. मेडिकलवाल्यानं अंदाजानं दिलेल्या अँटिबायोटिकवर तर विसंबूच नका.

आणि ‘कालच संबंध आले, आज एचआयव्ही निगेटिव्ह’ या कागदाला अर्थ नाही. चाचणीत लागण दिसायला काही आठवडे जातात. धोका वाटत असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं मिळतात.

खरी भीती असते ती ‘घरी कळेल’ ही. संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करायला किंवा निकाल घरी कळवायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन लावा. आणि जाल तेव्हा जोडीदारालाही न्या. एकट्यानंच औषध घेतलं तर तीच लागण पुन्हा होऊ शकते.