बदकांचे घर आणि पहाटेचे अंडे



परसात चारसहा बदके पाळणाऱ्या घरात एक तक्रार नेहमी ऐकू येते. "बदके धडधाकट आहेत, दिवसभर चरतात, पण अंडी काही हाती लागत नाहीत." अशा वेळी बदकांना बोल लावण्याआधी त्यांचे घर पाहावे, आणि ते आपण किती वाजता उघडतो, तेही पाहावे.

बदक बहुधा पहाटेपासून सकाळी नऊच्या आत अंडे घालते. आपण मात्र तांबडे फुटताच कोंबड्यांबरोबर त्यालाही सोडतो. मग अंडे पडते बांधावर, तळ्याकाठी, नाहीतर थेट पाण्यात! कावळ्यामुंगसांचे फावते आणि घरच्या बाईच्या हाती यायचा मीठमिरचीचा पैसा बुडतो. म्हणून पहिला नियम हा की, बदके नऊच्या आधी सोडू नयेत.

आता नऊपर्यंत कोंडायचे, तर घरही तसे हवे. कोंबडीचे खुराडे इथे उपयोगी नाही. कोंबडी रात्री दांडीवर बसते, आपली अंड्यांची बदके जमिनीवरच बसतात. त्यांना दांडी नको, शिडी नको. पण जमीन कोरडी हवी. तुम्ही म्हणाल, पाण्यातला पक्षी, त्याला ओलीचे काय? पण रात्रभर चिखलात बसलेले बदक आजारी पडते, आणि अंडीही घाण होतात.

घरासाठी उंचवट्याची जागा निवडावी आणि मुरूम घालून चोपावी. एका बदकामागे तीन ते चार चौरस फूट जागा धरावी. सहा बदकांना सहा फूट लांब व चार फूट रुंद घर पुरते. भिंती कुडाच्या चालतात. वर मात्र हवा खेळायला बारीक जाळी ठेवावी. मुंगूस शिरेल एवढी फट कोठेही राहू देऊ नये.

आत भिंतीलगत, अंधाऱ्या बाजूला, जमिनीवरच खोकी मांडावीत. खोके १२ इंच रुंद, १८ इंच खोल आणि १२ इंच उंच असावे. तीन माद्यांना एक खोके पुरे. तोंडाशी चार बोटे उंचीची पट्टी ठोकली, म्हणजे पेंढा बाहेर येत नाही. पेंढा कोरडा असावा, बुरसटलेला मुळीच नको. ती बुरशी बदकांच्या फुप्फुसात जाते. सुरुवातीला खोक्यात एक लाकडी अंडे ठेवावे. ते पाहून माद्यांना जागेची सवय लागते.

सोडल्याबरोबर पाणी द्यावे. पोहायला तळे नसले तरी अडत नाही. पण भांडे पाचसहा इंच खोल हवे. चोच पूर्ण बुडली, तरच नाकपुड्या साफ राहतात.

पिल्ले काढायची असतील, तर खाकी कॅम्पबेल जातीच्या मादीवर विसंबू नका. ती क्वचितच खुडूक बसते. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवावीत. मात्र कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत निघतात, बदकाची २८ दिवसांत. तेव्हा आठवडाभर अधिक धीर धरावा.

गुरुजींना एक विनंती. ज्यांच्या घरी बदके आहेत, अशा मुलांना पंधरा दिवस एक टाचण ठेवायला सांगा: दार कधी उघडले आणि आत किती अंडी मिळाली. पहिला आठवडा नेहमीच्या वेळी, दुसरा नऊ वाजता. मग दोन्ही बेरजा फळ्यावर मांडा. दार उशिरा का उघडायचे, ते मुलेच घरी जाऊन सांगतील.