दगडांच्या वाटेने मुंबई

मुंबईला दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याची यादी ठरलेली असते. गेटवे, चौपाटी, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक आणि वेळ उरलाच तर एखाद्या नटाच्या बंगल्यासमोर फोटो. या यादीत वाईट काहीच नाही. पण रविवारी रात्री पाहुणा परतीच्या गाडीत बसतो, तेव्हा त्याच्या लक्षात सुट्या सुट्या जागा राहतात, शहर राहत नाही. म्हणून माझ्याकडे कोणी शनिवार-रविवार गाठून आलं की मी त्याला एकच धागा धरायला लावतो: दगड. हे शहर ज्या दगडावर उभं आहे आणि ज्या दगडाने बांधलं आहे, त्याच्या मागे दोन दिवस हिंडायचं. गेटवे, व्हीटी, म्युझियम वाटेत येतातच. फरक एवढाच, की मग ती एकमेकांची नातलग वाटायला लागतात.

सुरुवात फोर्टात करायची नाही. शनिवारी सकाळी लवकर बोरिवली गाठायची आणि राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जायचं. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आसपास कोरायला घेतली आणि जवळजवळ हजार वर्षं माणसं इथे राहत, शिकत, ध्यान करत राहिली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाशी सगळेच थांबतात, थांबावंच. व्हरांड्याच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. त्या पाहून झाल्या की बाजूच्या भिंतीजवळ जा आणि दगड नीट पाहा. तो एकजिनसी नाही. ज्वालामुखीच्या राखेत आणि लाव्ह्यात फुटक्या दगडांचे तुकडे मुरून तो घट्ट झाला आहे, भूशास्त्रात त्याला ब्रेकिया म्हणतात. असल्या खरबरीत दगडात बुद्धाच्या चिवराच्या चुण्या काढायच्या, ही कारागिराची परीक्षाच.

माझं मन मात्र कान्हेरीत मूर्तींपेक्षा पाण्यात जास्त रमतं. लेण्यालेण्याशी पोढी खोदलेली आहे. वरच्या कातळावर पडलेला पाऊस बोटभर रुंदीच्या पन्हळींतून वळवून या टाक्यांत उतरवला आहे. पन्हळीच्या कडेने बोट फिरवत वर चढा, म्हणजे उतार किती हिशेबाने दिला आहे ते समजतं. ज्या शहराला आज दूरच्या धरणांतून पाणी आणावं लागतं, त्याच शहराच्या पोटात डोंगरावरची एक अख्खी वसाहत आपल्यापुरतं पाणी आपणच साठवत होती. शाळेच्या सहली इथे धावत येतात आणि धावत जातात. शिक्षकांनी मुलांना फक्त या पन्हळी दाखवल्या तरी सहलीचं सार्थक होईल.

परतताना अंधेरीला उतरायचं. पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे. काळ्या बसाल्टचे उभे खांब एकमेकांना चिकटून सुमारे ६१ मीटर उंच गेलेले. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. लाव्हारस सावकाश निवतो तेव्हा आकसतो, आकसताना पृष्ठभागावर भेगा पडतात आणि त्या खोल उतरत गेल्या की दगडाचे बहुकोनी खांब तयार होतात. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच डेव्हिल्स टॉवर आहे, तिथे लोक मुद्दाम प्रवास करून जातात. आपल्याकडे त्याच तोडीची गोष्ट स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि अंधेरीत जन्म काढलेल्यांपैकी कित्येकांनी ती पाहिलेली नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गावदेवीचं देऊळ लागतं. देवीला नमस्कार करावा आणि खाली उतरून एकदा पायथ्याशी मान वर करून उभं राहावं.

आता इतिहास थोडक्यात. सात बेटं, पोर्तुगीज, आंदण, कंपनी सरकार हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. आपल्या कामापुरतं एवढंच: अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी जुन्या किल्ल्याचा तट पाडला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सरकारी इमारतींची रांग उभी राहिली.

ही रांग पाहायची रविवारी सकाळी. आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस प्लॅटफॉर्मवर जाईल. रविवारी फोर्टात दुकानांची शटर खाली असतात, फुटपाथ मोकळे असतात, भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कोणी धक्का देत नाही. ओव्हल मैदानाच्या मधोमध, क्रिकेट चालू असेल तर कडेने, पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. डावीकडे उच्च न्यायालय, मध्ये विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, मग दीक्षान्त सभागृह, उजवीकडे जुनं सचिवालय. मला विचाराल तर देशातल्या कुठल्याही शहरात याच्या तोडीची एकसलग दगडी रांग नाही.

राजाबाई टॉवरची रचना जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची. त्यांनी लंडनमधून आराखडे पाठवले, मुंबईत ते कधी आलेच नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद या शेअरबाजाराच्या बादशहाचा आणि नाव त्यांच्या आईचं. १८७८ साली पुऱ्या झालेल्या या मनोऱ्याची उंची सुमारे ८५ मीटर. इथवर सगळे गाइड सांगतात. ते सांगत नाहीत ती गोष्ट वर कोनाड्यांत आहे: पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे, आपापल्या पगड्या-पागोट्यांसह. ते घडवणारे सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र. विलायती गॉथिक मनोऱ्यावर संतांच्या जागी आपल्या मुलखातली माणसं बसली, ती या माणसामुळे. दुर्बीण असेल तर जरूर न्या.

दगडांची ओळख पटायला मात्र सगळ्यात चांगली शाळा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेट यांनी त्याच्या भिंतींत कुर्ल्याचा राखाडी बसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड शेजारीशेजारी लावला. दोघेही ज्वालामुखीचीच लेकरं. कुर्ल्याचा दगड घट्ट आणि जड, मालाडचा फिका, जवळून पाहिला तर किंचित ठिपकेदार, उन्हं कलली की मधाळ दिसणारा. तिसरा दगड आहे पोरबंदरचा. तो चुनखडीचा, मऊ, गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने आलेला. फोर्टातल्या जुन्या इमारतींवरची पानं, फुलं, चेहरे बहुतेक या मऊ दगडातले आणि भिंतीचा भार स्थानिक कठीण दगडावर.

हा फरक मला पुस्तकापेक्षा एका पाथरवटाने नीट समजावला. एका जुन्या इमारतीची डागडुजी चालू होती आणि परातीवर बसून तो एका पानाचा तुटलेला कोपरा घडवत होता. म्हणाला, "साहेब, पोरबंदरला हळूच टाकी लावली तरी तो ऐकतो. पण पाऊसपाण्याचंही तो तसंच ऐकतो, म्हणून लवकर झिजतो. आणि काळा दगड? तो टाकीच बोथट करतो." त्या दिवसापासून मी इमारतींचे चेहरे निराळ्या नजरेने पाहतो. जिथे नाकडोळे पुसट झाले आहेत तिथे मऊ दगड. त्याच्याच खाली काळ्या चिऱ्यावर दीडशे वर्षांपूर्वीचे टाकीचे घाव काल मारल्यासारखे स्वच्छ. त्या घावांवर तळहात जरूर ठेवा. कोरीव चेहऱ्यांना मात्र हात लावू नका.

संग्रहालयाच्या आतही एक गोष्ट चुकवू नका. नाशिकच्या एका वाड्यातली लाकडी महिरपींची रचना विकत घेऊन विटेट यांनी ती इथे बसवली. वर घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा. तशाच वळणाचा आणखी एक घुमट जीपीओच्या इमारतीवर आहे, जॉन बेग यांनी १९१३ साली पुरी केलेली. बाहेरगावच्या पाहुण्याला मी ही जोडी आवर्जून दाखवतो.

गेटवे संग्रहालयापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. पंचम जॉर्ज १९११ साली आला तेव्हा त्याला दगडी कमान दिसलीच नव्हती, पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता. खरी कमान १९२४ साली खुली झाली, खारोडीच्या पिवळ्या दगडात. म्हणजे मालाडच्याच शेजारची खाण. फ्लोरा फाउंटनचा दगड मात्र विलायतेहून, पोर्टलंडहून आलेला. त्याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. मराठी माणसाने फाउंटनचा फोटो काढून त्यांच्याकडे पाठ फिरवून जाऊ नये.

व्हीटीवर, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, स्वतंत्र लेख लिहावा लागेल. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ही इमारत १८७८ साली सुरू झाली आणि दहा वर्षं चालली. तिच्यावरचे मोर, माकडं, पानं मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केली. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेणारे ग्रिफिथ्स ते हेच. रोज लाखो माणसं या दगडी झाडाफुलांखालून मान खाली घालून धावतात. रविवारी तुम्ही समोरच्या फुटपाथवरून मान वर करून पाहा. भूक लागली तर समोर आरामचा वडापाव आहे.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलची पश्चिम बाजू. इथे दगड संपतो आणि सिमेंट सुरू होतं: १९३०च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, सूर्यकिरणांची नक्षी ल्यालेल्या आर्ट डेको इमारती. ओव्हलच्या एका अंगाला एकोणिसावं शतक, दुसऱ्या अंगाला विसावं. या दोन्हींना मिळून युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा मानलं. मला त्या आवडतात, पण जीव जडतो तो पूर्वेच्या रांगेवरच.

पाहुणेरावळे आटोपले की दिवाळीनंतरचा पहिला मोकळा शनिवार धरा. हवा बरी असते आणि नोव्हेंबरात कान्हेरीच्या पोढ्यांत पावसाचं पाणी अजून असतं. पायात जुने, न घसरणारे बूट घाला, दुर्बीण घ्या, उच्च न्यायालय किंवा महापालिकेची इमारत आतून पाहायची असेल तर वारसाफेरीची नोंदणी आधी करा. आणि रजा जोडून सोमवार वाढवणार असाल तरी कान्हेरी शनिवारीच उरका, सोमवारी लेणी बंद असतात.